खाजवू नको म्हणणाऱ्यांच्या गावात

कोल्हापुरात एखाद्याला खाज सुटली आहे हे चारचौघांना कळलं की अख्खी पेठ डॉक्टर होते. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीनं मला आजवर सांगितलेले उपाय असे. वांगं बंद कर, अंडी बंद कर, सुकटीचा तर वासही घेऊ नको. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं आंघोळ कर. खोबरेल तेलात कापूर घालून लाव. अंगात उष्णता झालीय, सब्जा भिजवून पी. जोतिबाचं काही राहिलंय का ते सासूला विचार. तालमीतल्या एका वस्तादांनी तर हौद्यातली तांबडी माती चोळायला सांगितली. त्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर असं सगळं मुरवलेलं असतं, त्यामुळं पैलवानाला कातडीचं दुखणं होत नाही, असा त्यांचा दावा. (होतं. तालमीतल्या पोरांच्या पाठीवरचे नायटे सगळ्या गल्लीनं पाहिलेत.) तांबडा रस्सा सोडून पांढऱ्यावर ये, असंही एकानं सांगितलं आणि हा सल्ला तेवढा मी आनंदानं पाळला. खाज तशीच.

सल्ले वेगवेगळे, शेवट मात्र प्रत्येकाचा एकच: "आणि हो, खाजवू नको."

हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. सॅम्युएल हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्यानं १६६० साली खाजेची व्याख्या केली: जिच्यामुळं खाजवावंसं वाटतं अशी नकोशी संवेदना. साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली, त्वचारोगाच्या पुस्तकांत अजून तीच चालते. म्हणजे खाजवण्याची ओढ हीच खाज. ती ओढ असणाऱ्याला 'खाजवू नको' म्हणून सांगायचं, तर त्यानं नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. तहानलेल्याला 'तहान लागू देऊ नको' म्हणून बघा एकदा.

माझ्या जागा दोन. डावा घोटा, आणि मानेमागं केस संपतात तिथं. दोन्हीकडची कातडी जाड झालेली, काळपट, रेघा नुसत्या डोळ्यांना दिसाव्यात इतक्या ठळक. सहा आठवड्यांच्या वर टिकली की खाजेला जुनाट म्हणतात. माझी ती हद्द कधीच मागं पडली. त्वचेच्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, न्यूरोडर्मेटायटिस. पण उपचाराआधी त्यांनी बरंच काही विचारलं आणि तपासलं. घरात अजून कुणाला रात्री खाज येते का, म्हणजे खरूज तर नाही ना? मग साखर, थायरॉइड, किडनी, लिव्हर, हिमोग्लोबिन. तेव्हा मला तो उगाच खर्च वाटला होता. आता वाटतं, खाजेचा मनाशी संबंध जोडायचा अधिकार ज्यानं आधी रक्त तपासलंय त्यालाच असावा.

या आजाराची गंमत (गंमत म्हणायची ती दुसऱ्याच्या अंगावर असताना) अशी की बराचसा आजार खाजवण्यानंच उभा राहतो. सुरुवात कसलीही असते: डास चावला, सँडलचा पट्टा घासला, घाम साचला. आपण खाजवतो. त्या घर्षणानं कातडी जाड होते. जाड कातडी जास्त खाजते. मूळ कारण कधीच निघून जातं आणि फेरा आपल्या जोरावर फिरत राहतो.

खाजेवरच्या गोळ्यांचा मला उपयोग का होत नव्हता, ते मला सासरच्या शेताच्या बांधावर कळलं असं म्हणायला हरकत नाही. पन्हाळ्याकडच्या त्या बांधावर खाजकुइलीचा वेल आहे. शेंगेवरची ती तपकिरी लव कुणाच्या शर्टात टाकायचा चावटपणा आमच्याकडच्या प्रत्येक पिढीनं केलाय. तीच लव गेली कित्येक दशकं खाजेच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. १९५५ मध्ये शेली आणि आर्थर या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की तिच्यातली खाज म्युक्युनेन नावाच्या, प्रथिनं तोडणाऱ्या एका विकरामुळं सुटते. अ‍ॅलर्जीत अंगात सुटणारं जे हिस्टामिन नावाचं रसायन, त्याचा तिथं संबंध नाही. पुढं असंही दिसलं की हिस्टामिनची खाज आणि खाजकुइलीची खाज त्वचेतल्या वेगवेगळ्या मज्जातंतूंतून वर जातात. आपण मेडिकलमधून आणतो ती सेट्रिझिनची गोळी हिस्टामिन अडवते. पित्त उठलं, गांधी आल्या, तर ती कामाची. जुनाट खाजेचा कारभार बहुतेक वेळा दुसऱ्याच वाटेनं चाललेला असतो. माझ्या बाबतीत गोळीनं एवढंच व्हायचं, की मी झोपाळू डोळ्यांनी खाजवायची.

मग खाजवल्यानं बरं का वाटतं? नखानं थोडी वेदना होते, आणि वेदनेचा निरोप मज्जारज्जूत पोहोचला की तिथं खाजेचा निरोप दाबला जातो. शिवाय मेंदूची चित्रं घेतली तेव्हा खाजवताना सुखाशी, बक्षिसाशी संबंधित भाग जागे झालेले दिसले. ते सुख खोटं नाही, हे मी शपथेवर सांगते. तव्यावरून उतरलेल्या भाकरीवर लोणी घ्यावं तेवढंच खरं. अडचण पुढं येते. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात उंदरांवर झालेल्या २०१४ च्या संशोधनात असं आढळलं की खाजवल्यानं झालेली वेदना शमवायला मेंदू सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतो, आणि तेच सेरोटोनिन खाजेच्या पेशींना आणखी चेतवतं. आता बरं वाटतं, थोड्या वेळानं जास्त खाजतं.

एका तपासणीच्या वेळी त्वचेच्या डॉक्टरांनी मलम बदललं नाही. म्हणाले, "मलम बरोबर आहे. तुम्ही जरा मानसोपचारवाल्यांना भेटून या."

घरी आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा आत्या (माझ्या सासूबाई) भाकरी थापायच्या थांबल्या. "का? डोस्क्याला काय झालंय तिच्या?" प्रश्न मला नव्हता, नवऱ्याला होता. त्यांचं बरोबरच होतं, कारण आपल्याकडं 'मनाचं आहे' याचा अर्थ 'खोटं आहे' असाच घेतात. मीही तोच घेतला. जाड झालेली कातडी दाखवून वर 'मनाचं आहे' ऐकायचं म्हणजे अपमान.

राजारामपुरीतल्या त्या समुपदेशक बाईंनी पहिल्या भेटीत माझा घोटा बघायला मागितला. मला ते आवडलं. मग म्हणाल्या, "खाज घोट्यातच आहे. ती किती मोठी ऐकू येते, ते वर ठरतं." ही गोष्ट मला ऑफिसच्या डब्याच्या वेळी आधीच दिसली होती, फक्त उमगली नव्हती. एका सहकारी बाईनं मुलीच्या डोक्यात उवा झाल्याचं सांगितलं आणि टेबलावरच्या सगळ्यांचे हात एकेक करत केसांकडं गेले. साहेबांना तर टक्कल. जर्मनीत या गोष्टीचा रीतसर प्रयोग झालाय. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणात खाजेवरच्या एका जाहीर व्याख्यानाला आलेल्या लोकांना आधी पिसवा, माइट (कातडीवरचे बारीक किडे), ओरखडे यांची चित्रं दाखवली, नंतर तान्ह्या बाळाची कातडी, आंघोळ करणारी माणसं अशी. पहिल्या भागात श्रोते जास्त खाजवत होते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पुढं दाखवलं की 'आता खाज येईल' एवढं सांगून ठेवलं तरी तीच चाचणी माणसाला जास्त खाजते. म्हणजे लक्ष आणि अपेक्षा या दोन गोष्टी खाज वाढवतात. आणि दिवसातून चाळीस वेळा 'खाजवू नको' ऐकणाऱ्या माणसाचं लक्ष कुठं राहणार?

समुपदेशक बाईंनी मला आधी एकच काम दिलं. खाजवायचं थांबवायचं नाही. मोजायचं.

स्वीडनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी यासाठी हातात धरायचा, कळ दाबली की आकडा पुढं सरकणारा काउंटर वापरला. तो कुठं शोधायचा असा मला प्रश्न पडला आणि उत्तर घरापासून दहा मिनिटांवर निघालं. अंबाबाईच्या देवळाजवळ, महाद्वार रोडवर, नामजपासाठी बोटात घालायचं छोटं डिजिटल यंत्र मिळतं. ते आणलं. हात खाजेच्या जागेकडं गेला की अंगठ्यानं कळ दाबायची. आत्यांना सुनेनं एकाएकी नामस्मरण सुरू केल्याचा आनंद झाला आणि मी तो बरेच दिवस मोडला नाही. पहिल्या दिवशीचा आकडा लिहीत नाही. जपाच्या मानानं कमी, अब्रूच्या मानानं बराच होता.

मोजल्यानं जे कळलं ते कुठल्याही मलमानं कळलं नसतं. मला वाटायचं मी खाज आली म्हणून खाजवते. निम्म्याहून जास्त वेळा खाज नव्हतीच. दूध उतू जायची वाट बघत उभी असताना हात मानेवर. बहिणीशी फोनवर बोलताना, विशेषतः ती वहिनीविषयी बोलायला लागली की, हात मानेवर. मार्चअखेरीला ऑफिसात संगणक अडकला की डाव्या घोट्यावर उजव्या पायाची टाच. घरी आल्यावर साडी बदलताना दोन्ही ठिकाणी, हातपाय धुवावेत इतक्या नेमानं. याला सवय म्हणतात, आणि सवय म्हटल्यावर तिच्यावर इलाज करता येतो.

तो इलाज मूळचा खाजेसाठी नव्हता. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मान-खांदे झटकणं, नखं खाणं, पापण्यांचे केस उपटणं अशा सवयींसाठी तो मांडला. आधी सवय ओळखायची, मग तिच्या जागी तिच्याशी एकाच वेळी करता येणार नाही अशी दुसरी हालचाल ठेवायची. स्वीडनमध्ये पीटर नोरेन आणि लेनार्ट मेलिन यांनी तो एक्झिमाच्या (इसबाच्या) रुग्णांवर वापरला. १९८९ च्या त्यांच्या अभ्यासात मलमासोबत हे शिकवलेल्यांची त्वचा नुसतं मलम लावणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. प्रत्यक्षात करायचं काय? हात निघाला की मूठ घट्ट आवळायची आणि तीस सेकंद धरायची. तरीही खाज शिल्लक असेल तर त्या जागेवर नख टेकवून दाबायचं किंवा हलका चिमटा घ्यायचा. घासायचं नाही, ओरबाडायचं नाही. बस.

ऐकताना हे पोरकट वाटतं. मलाही वाटलं. पण 'खाजवू नको' आणि 'मूठ आवळ' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, हे पहिल्याच आठवड्यात जाणवलं. 'नको' हे हाताला करताच येत नाही. मूठ करता येते. तीस सेकंद मात्र लांब असतात. केएमटीच्या बसमध्ये मी मुठी आवळून बसलेली बघून शेजारच्या आजोबांनी जागा बदलली.

दिवस असा आवरला. रात्र आवरेना.

संध्याकाळनंतर अंगाचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, कमी होतं. त्वचेचं तापमान वाढतं. तिच्यातून पाणीही जास्त उडतं. आणि लक्ष वेधायला काहीच नसतं. दिवसभर ज्या खाजेला रांगेत उभं केलेलं असतं ती रात्री अकराला थेट आत येते. झोप लागत नाही, न झोपल्यानं दुसऱ्या दिवशी चिडचिड, चिडचिडीनं खाज. बाईंनी आधी पंखा, सुती चादर, झोपायच्या आधी कोमट पाण्यानंतर ओलसर अंगावरच मॉइश्चरायझर, अशा अगदी मनोविरहित गोष्टी नीट करून घेतल्या. मग स्नायू सैल सोडायची पद्धत शिकवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी ती घडवली: पायाच्या बोटांपासून एकेक स्नायुगट आधी ताणायचा, मग सोडायचा, आणि दोन्हींतला फरक बघायचा. माझ्याकडून मांडीच्या वर फारसं पोहोचणं होत नाही, त्याआधीच झोप लागते. तक्रार नाही.

ध्यानाचं मात्र माझ्याशी जमलं नाही. खाजेकडं नुसतं बघा, ती वर चढते, टोकाला जाते आणि ओसरते, असं सांगतात. ओसरते हे खरंय, मी घड्याळ लावून बघितलंय. पण मी तिच्याकडं बघायला बसले की ती आणखी ऐटीत येते. ज्यांना जमतं त्यांच्यासाठी पुरावा आहे. जॉन कबात-झिन यांनी १९९८ मध्ये सोरायसिसच्या ३७ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, प्रकाशोपचार घेताना ध्यानाच्या टेप ऐकणाऱ्यांची कातडी न ऐकणाऱ्यांपेक्षा लवकर साफ झाली. छोटा अभ्यास आहे, आणि त्यात खाजेपेक्षा चट्टे मोजलेत, हेही सांगायला हवं. आमच्याकडं लोक अशा एखाद्या अभ्यासावर लगेच शिबिर भरवतात.

आरशाचा प्रयोग मात्र मी हौसेनं केला. जर्मनीतल्या ल्युबेकच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की एका हातावर खाज सुटलेली असताना, आरशातून तोच हात खाजवला जातोय असं भासवून प्रत्यक्षात दुसराच खाजवला, तरी खाज थोडी उतरते. खरं खाजवण्याइतकी नाही, थोडीच. मी लोखंडी कपाटाच्या आरशासमोर दोन घोटे मांडून बसले. उजवा खाजवत होते, आरशात डावा दिसत होता. उपयोग झाला की नाही ते सांगता येणार नाही, कारण मधेच लेक आली आणि तिनं व्हिडिओ काढला.

सगळ्यात अवघड भाग घरच्यांचा निघाला. मला खाजवताना बघितलं की प्रत्येक जण प्रेमानं टोकायचा. आत्या स्वयंपाकघरातून: "काय खाजवाय लागलीस गं मघाधरनं?" नवरा पेपरच्या आडून: "हात." लेक तर बोटं मोजायची. लहान मुलांच्या एक्झिम्यात तर अशा टोकण्याचा उलटा परिणाम होतो, असं बाईंनी सांगितलं. खाजवलं की आई धावून येते हे पोराला कळतं, आणि शांत बसलेल्या पोराकडं कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून त्यांनी नवऱ्यालाही एकदा बोलावून घेतलं. ठरलं ते असं: कुणी टोकायचं नाही. फार तर हाताला काम द्यायचं. आत्यांना हे सगळ्यांच्या आधी उमगलं, आणि आवडलंही. माझा हात मानेकडं निघाला की त्या एक शब्द न बोलता लसणाचा गड्डा पुढं सरकवतात. आमच्या घरी हल्ली कायम सोललेला लसूण असतो.

एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. हे सगळं मलमाच्या जोडीनं आहे, मलमाऐवजी नाही. मन शांत केलं की कातडी आपोआप बरी होईल असं सांगणाऱ्यापासून लांब राहा, आणि मेडिकलमधून तीन औषधांचं मिश्रण असलेली ट्यूब चिठ्ठीशिवाय आणून वर्षभर चोळणाऱ्यापासूनही. त्या ट्यूबमधल्या जहाल स्टेरॉइडनं साधा नायटा कसा चिवट होतो, ते देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ कित्येक वर्षं ओरडून सांगतायत. परिणाम दाखवणारे पुरावे जोडीच्या बाजूनंच आहेत. २०२१ मध्ये स्वीडनमध्ये १०२ प्रौढ एक्झिमा रुग्णांवर इंटरनेटवरून दिलेल्या वर्तनोपचाराची चाचणी झाली. नुसते नेहमीचे उपचार आणि सूचना मिळालेल्यांपेक्षा हा उपचार घेतलेल्यांची लक्षणं जास्त कमी झाली, झोपही सुधारली. आपल्याकडं अशी सोय मराठीतून व्हायला काय हरकत आहे? सीपीआरच्या, म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्याच्या, त्वचा विभागाबाहेरची रांग बघितली की वाटतं, या माणसांना मूठ आवळायला शिकवायला कुणाला दहा मिनिटं मिळणार? ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईला तर विचारूच नये. पाल्याची कूस दिवसभर अंगावर, पाण्याचा पत्ता नाही, झोपायला खोपट. तिला मानसोपचार सांगणं म्हणजे चेष्टा. तिला आधी बाह्यांचा शर्ट आणि आंघोळीला पाणी पाहिजे.

माझा घोटा अजून पूर्ण बरा नाही. कातडी मऊ झालीय, रंग राहिलाय. मानेचं जवळजवळ गेलं. मार्च आला की आकडा वर जातो, मग मी पुन्हा मोजायला लागते.

परवा आत्यांनीच विषय काढला. "रात्रीचं तळपायाला लई खाज सुटत्या गं. तुझं त्ये यंत्र मला बी दे की."

मी पाय मांडीवर घेऊन बघितले. पुरळ नाही, ओरखडा नाही, कोरडेपणासुद्धा फारसा नाही. साखर मात्र पंधरा-वीस वर्षांची. म्हटलं, "यंत्र नंतर. उद्या सकाळी काही खाऊ नका, रक्त द्यायला जायचंय."

"बघा! सगळ्यास्नी डोस्क्याचं सांगत फिरत्यास, आणि मला रगत द्याय लावत्यास व्हय?"

लिव्हरचे आकडे ठीक आले. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बरंच वाढलेलं निघालं. किडनीच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ मिळालीय. यंत्र आत्यांनी तोवर माझ्या ड्रॉवरमधून काढून नेलंच. त्यावर त्यांचा खराखुरा जप चालू आहे, त्यामुळं मला दुसरं आणायला महाद्वार रोडला जावं लागणार.